बंदीच्या दिवसांत हृदयाच्या गोळ्या बदलताना



१ जूनला बंदी लागली. ट्रॉलर जेटीला बांधले गेले. कोणाचं इंजिन खोललंय, कोणाची जाळी अंगणात पसरलीत. ३१ जुलैपर्यंतचे हे ६१ दिवस आपण होडीच्या दुरुस्तीला देतो. यंदा आम्ही सांगतोय, यातले थोडे दिवस स्वतःच्या तब्येतीलाही द्या. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात आणि त्यासाठी ज्यांच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर नक्कीच द्या.

हा विषय आत्ता का काढला, ते सांगतो. गेल्या हंगामात आपल्या एका जुन्या तांडेलाची ठोक्यांची गोळी डॉक्टरांनी बदलली. दोन दिवसांनी ते फेरीवर गेले. डब्यात नवी पाकिटं टाकली, जुनी तशीच राहिली. जुन्या गोळ्या पैसे देऊन आणलेल्या, त्या फुकट का घालवायच्या, म्हणून दोन्ही घेत राहिले. चौथ्या दिवशी विंचजवळ उभे असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खालीच बसले. नाडी मोजली तर मिनिटाला चाळीसच्याही आत. तिथे हात दोरात अडकला असता किंवा तोल जाऊन पाण्यात पडले असते, तर आज ही पोस्ट वेगळी असती. पोरांनी होडी परत फिरवली. इस्पितळात तीन दिवस राहून ते बरे झाले. जुनी गोळी बंद करायची, असं कागदावर लिहिलेलं होतं. पण ते इंग्रजीत होतं आणि घरात ते कोणी नीट वाचलं नव्हतं. त्यांच्याच सांगण्यावरून, नाव न घेता, हे लिहितोय.

आम्ही डॉक्टर नाही. तुमचा डोस किती, गोळी कुठली, हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण गोळी बदलताना काय होतं, कशाची काळजी घ्यायची आणि डॉक्टरांना काय विचारायचं, हे प्रत्येक घराला माहीत हवं.

आजार नेमका काय आहे

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. निरोगी हृदयात वरचे कप्पे आधी आकुंचन पावतात, मग खालचे, आणि हे एका लयीत चालतं. काही जणांत वरच्या कप्प्यांची लय बिघडते. ते नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन किंवा नुसतं 'एएफ' म्हणतात. नाडी धरली तर ठोके वेडेवाकडे लागतात, कधी दोन लगोलग, कधी मध्येच मोठी फट. काहींना छातीत धडधडतं, दम लागतो, थकवा येतो. काहींना काहीच कळत नाही, दुसऱ्याच कारणासाठी ईसीजी काढला की सापडतं.

यात खरा धोका धडधडीचा नसतो. खाडीच्या ज्या कोपऱ्यात पाणी फिरत नाही, तिथे गाळ बसतो, हे आपण रोज बघतो. थरथरणाऱ्या वरच्या कप्प्यात, खास करून डाव्या बाजूच्या एका छोट्या पिशवीसारख्या कोपऱ्यात, रक्त असंच साचतं आणि त्याची गुठळी होते. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो तो. एएफ असलेल्या माणसाला लकव्याचा धोका साधारण पाचपट असतो.

गोळ्या तीन कामांच्या

गोळी बदलली असं कोणी म्हटलं की आधी विचारायचं, कुठल्या कामाची बदलली?

पहिलं काम, ठोक्यांचा वेग आवरणं. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल या 'बीटा ब्लॉकर' गोळ्या, तसंच डिल्टियाझेम, वेरापामिल आणि डिगॉक्सिन. या लय सुधारत नाहीत, पण हृदय फार जोरात पळू देत नाहीत.

दुसरं काम, लय पुन्हा जागेवर आणणं आणि टिकवणं. अमिओडॅरोन, सोटॅलोल, फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन ही त्यांची नावं.

तिसरं काम, रक्ताची गुठळी होऊ न देणं. याला आपण रक्त पातळ करायची गोळी म्हणतो. यात जुन्या म्हणजे वॉरफरीन आणि ऍसेनोकुमारॉल. नव्या म्हणजे अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डॅबिगाट्रान.

तीन कामं वेगळी आहेत, म्हणून एकाची गोळी बदलली तरी दुसऱ्याची आपोआप बंद होत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. लय सुधारली, धडधड थांबली, 'आता बरं वाटतंय' म्हणून माणूस रक्त पातळ करायची गोळी सोडून देतो. २००२ साली अमेरिका आणि कॅनडातल्या चार हजारांवर रुग्णांच्या 'अफर्म' नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. वेग आवरणं बरं की लय सुधारणं बरं, हे तीत तपासलं होतं. दोन्ही गटांत ज्यांना लकवा झाला, त्यातल्या बहुतेकांनी वॉरफरीन बंद केलेलं होतं किंवा त्यांचं रक्त पुरेसं पातळ नव्हतं. ही गोळी कधी थांबवायची ते वय, रक्तदाब, मधुमेह, आधी झालेला लकवा, हृदयाची ताकद हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात. बरं वाटतंय की नाही, यावर ते ठरत नाही.

गोळी बदलली म्हणजे आजार वाढला का?

दर वेळी तसं नसतं. बदलण्याची कारणं पुष्कळ असतात. बीटा ब्लॉकरने कोणाला इतका थकवा येतो की दोर ओढवत नाही. कोणाला दमा असतो, म्हणून डिल्टियाझेमवर नेतात. उलट हृदयाची पंप करायची ताकद कमी झाली असेल तर डिल्टियाझेम आणि वेरापामिल टाळतात. मूत्रपिंडाची तपासणी बिघडली तर काही गोळ्यांचा डोस कमी करावा लागतो. वारंवार रक्त तपासायला येणं जमत नसेल तर जुन्या गोळीवरून नव्या गोळीवर नेतात. पूर्वी नव्या गोळ्या महाग म्हणून आपले लोक त्या टाळायचे. आता त्यांची जेनेरिक रूपंही बाजारात आहेत आणि किमती उतरल्यात. परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजून एक दिवसाआड गोळी घेऊ नका.

शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मात्र मागून घेऊ नका. पूर्वी हार्ट अटॅक आलेल्यांना फ्लेकेनाइड दिलं तर ठोके नियमित होतील आणि माणसं वाचतील, असं एकेकाळी वाटायचं. १९८९ साली 'कास्ट' या चाचणीत दिसलं की अशा रुग्णांत ते घेणाऱ्यांचे मृत्यू वाढले. एकाला चांगली असलेली गोळी दुसऱ्याला घातक ठरू शकते.

रक्त पातळ करायची गोळी बदलताना

वॉरफरीन आणि ऍसेनोकुमारॉल घेणाऱ्यांना आयएनआर ही रक्ततपासणी ओळखीची आहे. एएफमध्ये तो आकडा साधारण २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. त्याखाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

जुन्या गोळीवरून नव्यावर जाताना आधी जुनी थांबवतात आणि आयएनआर उतरेपर्यंत थांबतात. अपिक्साबान किंवा डॅबिगाट्रान असेल तर आकडा २ च्या खाली आल्यावर, रिव्हरॉक्साबान असेल तर ३ च्या खाली आल्यावर नवी गोळी सुरू करतात. म्हणजे मधले दोन-चार दिवस रक्त तपासायला जमिनीवर, प्रयोगशाळेच्या जवळ असायला हवं. हंगामात फेरीच्या आदल्या दिवशी हे करता येत नाही. बंदीत येतं.

नव्यावरून जुन्यावर जायचं असेल तर उलटं. वॉरफरीनचा पूर्ण असर यायला पाच-सहा दिवस लागतात, म्हणून काही दिवस डॉक्टर मुद्दाम दोन्ही द्यायला सांगू शकतात. तेव्हा एक नियम लक्षात ठेवा: दोन्ही घ्यायच्या की एकच, आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे डॉक्टरांकडून कागदावर मराठीत किंवा तुम्हाला कळेल त्या भाषेत लिहून घ्या.

नव्या गोळ्यांचा असर लवकर येतो आणि लवकर जातो. एक-दोन दिवस गोळी चुकली की संरक्षण गेलं. त्यामुळे 'दोन दिवस नाही घेतली तर काय होतंय' हे इथे चालत नाही. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी चुकली आणि सहा तासांच्या आत आठवलं, तर घ्या. एकदाच घ्यायची असेल तर बारा तासांच्या आत. त्यानंतर आठवलं तर ती सोडून पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम घेऊ नका.

रिव्हरॉक्साबान जेवणाबरोबर घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती अंगी नीट लागत नाही. डॅबिगाट्रानची कॅप्सूल ओल पकडते. ती मूळ पाकिटातच ठेवायची, काढून डबीत भरायची नाही आणि फोडून घ्यायची नाही. केबिनमधल्या दमट हवेत हे विसरू नका.

कोणाला नव्या गोळ्या चालत नाहीत? ज्यांच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलीय त्यांना, आणि लहानपणच्या संधिवाताच्या तापामुळे ज्यांची डाव्या बाजूची मिट्रल झडप अरुंद झालीय त्यांना. हा तापाचा आजार आपल्या देशात अजून आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत अशा हृदयरोगाचे साडेचार हजारांवर रुग्ण होते. त्यात रिव्हरॉक्साबानपेक्षा वॉरफरीनसारख्या जुन्या गोळ्याच सरस ठरल्या. त्यामुळे कोणी 'अजून जुनीच घेतोस?' म्हणालं तर मन खट्टू करून घेऊ नका. तुमच्यासाठी तीच बरोबर असेल.

जुनी गोळी घेणाऱ्यांना एक आपल्याकडची गोष्ट. तांबडी भाजी, तायकिळा, शेवग्याचा पाला यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीचा असर कमी करतं. पावसात रानभाज्या येतात, पुढे श्रावणात मासळी बंद होऊन पालेभाजी वाढते. भाजी खायची नाही असं नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. खाणं बदलणार असेल तर आयएनआर तपासून घ्या.

वेग आणि लयीच्या गोळ्या बदलताना

बीटा ब्लॉकर एकदम सोडायचा नाही. शरीराला त्याची सवय झालेली असते. अचानक थांबवला तर नाडी उसळते, छातीत दुखू शकतं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना तर अटॅकही येऊ शकतो. डॉक्टर तो पायरी-पायरीने उतरवतात, साधारण एक-दोन आठवड्यांत. आणि बीटा ब्लॉकर व वेरापामिल किंवा डिल्टियाझेम हे दोन्ही हृदयाला मंद करतात. आपल्या तांडेलाच्या बाबतीत हेच झालं.

अमिओडॅरोन हे वेगळंच प्रकरण. ते शरीरात साठून राहतं. बंद केल्यावरही त्याचा असर कित्येक आठवडे, कधी महिनेही राहतो. म्हणजे गोळी बदलली तरी जुनी अजून आत आहे, असं धरून चालायचं. ते चालू असताना वॉरफरीन आणि डिगॉक्सिनचा असर वाढतो, म्हणून त्यांचे डोस बहुतेक वेळा कमी करावे लागतात. थायरॉइड आणि यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी करायची. नवा कोरडा खोकला किंवा दम लागू लागला तर लगेच सांगायचं, फुप्फुसावर परिणाम होऊ शकतो. आणखी एक, यात कातडीला ऊन सहन होत नाही. डेकवर दिवसभर उन्हात काम करणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद टोपी वापरावी, आणि आपलं काम उन्हातलं आहे हे डॉक्टरांना आधीच सांगावं.

सोटॅलोलसारखी गोळी सुरू करताना ईसीजीवर लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टर इस्पितळात राहायला सांगत असतील तर 'घरीच घेतो' म्हणू नका.

डिगॉक्सिन जास्त झालं तर मळमळ, उलटी, भूक मरणं, नजरेला पिवळट-हिरवट दिसणं असं होतं. आयुष्यभर समुद्रात काढलेल्या माणसाला अचानक मळमळायला लागलं तर 'लाट लागली' म्हणून सोडून देऊ नका. वयस्कर माणसांत आणि लघवी वाढवायची गोळी घेणाऱ्यांत हा धोका जास्त.

होडीवर जाताना

गोळी बदलल्यावर पहिली फेरी लगेच करू नका. किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा आणि आपण काय काम करतो ते नीट सांगा: रात्रीचं जागरण, विंच, उन्हातलं काम, किनाऱ्यापासून किती तास लांब. बऱ्याचदा रुग्ण नुसतं 'मासेमारी' म्हणतो आणि डॉक्टरांना वाटतं गळ टाकून बसत असतील.

फेरीच्या दिवसांपेक्षा दुप्पट दिवसांच्या गोळ्या घ्या. बोट बंद पडली, वारा सुटला तर अडचण नको. गोळ्या प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, मूळ पाकिटासकट. जुनी बंद केलेली गोळी घरीही ठेवू नका. ज्या औषधाच्या दुकानातून आणली तिथे विचारून तिची विल्हेवाट लावा.

रक्त पातळ असलेल्याला मासळीचा काटा, सुरी, तार लागली तर कपड्याने सलग दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी किनाऱ्याला या. आतला रक्तस्राव उशिरा कळतो. शौचाला काळं झालं किंवा लघवीत रक्त दिसलं तरी तसंच.

कंबर दुखली की डिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घ्यायची आपल्याकडे सर्रास सवय. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर त्या घेतल्या की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल त्या मानाने बरं, पण वॉरफरीन चालू असेल तर तेही रोज रोज नको. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या ठोके वाढवतात. झाडपाल्याचा काढा चालू असेल तर तोही डॉक्टरांना सांगा. आणि फेणी. जास्त दारूने ठोके पुन्हा बिघडतात, हे जगभरच्या डॉक्टरांनी पाहिलंय. बंदीचे दिवस म्हणून रोज बसायचं असेल तर गोळी बदलून उपयोग नाही.

तांडेल आणि मालकांना विनंती. होडीवर कोण कसली गोळी घेतं ते माहीत करून घ्या. आपल्या होड्यांवर ओडिशा, झारखंडचीही पोरं असतात. त्यांना मराठी वाचता येत नाही, तोंडी सांगा.

कधी थांबायचं नाही

तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा समजेनासं होणं, ही लकव्याची लक्षणं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून झोपून बरं वाटेल याची वाट बघू नका. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लक्षात ठेवून सांगा, उपचार त्यावर ठरतात. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम लागणं, नाडी पन्नासच्या खाली जाऊन अंधारी येणं, हेही थांबण्यासारखं नाही. समुद्रात असाल तर व्हीएचएफ चॅनेल १६ वर हाक द्या किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करा. जमिनीवर १०८.

बंदीत करायची कामं

एक, घरातल्या गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या. जुनी, नवी, काढे, सगळं. गोमेकॉत जाणारे असोत की जिल्हा इस्पितळात, पिशवी सोबत हवी.

दोन, हे पाच प्रश्न विचारा. ही गोळी कुठल्या कामाची? जुनी कधी बंद करायची, एकदम की हळूहळू? पुढची तपासणी कधी? चुकली तर काय करायचं? मी समुद्रावर कधी जाऊ शकतो?

तीन, उत्तरं एका कागदावर लिहा. दोन प्रती करा. एक घरात, एक प्लास्टिकमध्ये घालून होडीवर.

चार, नाडी मोजायला शिका. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर पंधरा सेकंद मोजून चौपट केलेला आकडा चुकतो. गोळी बदलल्यावर रोज सकाळी वहीत लिहा, डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडते.

घरच्या वहिनी-मावशींना खास सांगतो. बहुतेक घरांत गोळ्यांचा डबा तुमच्याच हातात असतो. मासळी विकून दमून आल्यावरही तुम्हीच आठवण करता. डॉक्टरांकडे जाताना तुम्हीही सोबत जा, आणि तुमच्या स्वतःच्या छातीत धडधडत असेल तर ते लपवू नका.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन आपण पुन्हा बाहेर पडणार. तोवर इंजिन नीट होईल, जाळी विणून होतील. गोळ्यांचा हिशेबही तेवढ्यात लावून टाका. कोणाला डॉक्टरांचा कागद वाचायला मदत हवी असेल तर संस्थेच्या कार्यालयात या, बसून वाचू. आणि ही पोस्ट ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्या जाणत्यांना मोठ्याने वाचून दाखवा.